उतरणीची काठी

गड चढताना सगळं लक्ष धापेकडे असतं. गुडघ्यांची आठवण होते ती उतरताना. हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरकडे परतताना एकदा माझा उजवा गुडघा माथ्यावरच्या चढउतारांतच दुखायला लागला. सोबत गावातले एक मामा वाटाडे म्हणून होते. त्यांनी स्वतःची बांबूची काठी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "आधी काठी टाका, मग पाय." अर्ध्या तासात चाल सुधारली. टोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा आला तेव्हा मात्र मामांनी ती काठी माझ्याकडून काढून घेतली, खाली सोडून दिली आणि म्हणाले, "आता दोन्ही हातांनी रेलिंग धरा." खिंडीत पोहोचल्यावर काठी पुन्हा माझ्या हातात आली.

ट्रेकिंग पोलबद्दल शिकण्यासारखं बहुतेक सगळं त्या दोन वाक्यांत आहे. काठी कशी टाकायची हे पहिलं, आणि ती हातातून कधी सोडायची हे दुसरं. चांगले पोल घेतले की पहिली गोष्ट सोपी होते. दुसरी ज्याची त्यालाच शिकावी लागते.

काठी नेमकं काय करते

उतारावर प्रत्येक पावलाला शरीर खाली झेपावत असतं आणि मांडीचे स्नायू त्याला आवरत असतात. त्यात सॅकचं ओझं मिसळतं आणि गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. पावलाआधी काठी जमिनीला टेकली की त्या भाराचा काही वाटा दंड आणि खांदे उचलतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रियन अभ्यासात तीव्र उतारावर पोल घेऊन चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवरचा भार मोजला होता. तो पोलशिवाय चालण्यापेक्षा १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. एका पावलाचा हिशेब लहान वाटेल, पण गड उतरताना अशी हजारो पावलं पडतात.

चढणीवर काठीचं काम वेगळं. तिथे ती मागे रेटा द्यायला उपयोगी पडते आणि चालीला ताल मिळतो. एकूण कष्ट मात्र कमी होत नाहीत. पायांचं थोडं काम हातांकडे जातं, म्हणून पाय कमी थकल्यासारखे वाटतात. पोल घेतला म्हणून पाणी कमी नेऊ नका किंवा पल्ला लांबवू नका.

तिसरा फायदा तोलाचा. घसाऱ्यावर, चिखलात, ओढ्यात पाय सरकला तर सावरायला आणखी दोन टेके मिळतात. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या. काठी भार वाटून घेते, दुखणं बरं करत नाही.

एक की दोन?

शक्य असेल तर दोन. एकाच काठीने भार एका बाजूला कलतो आणि दिवसभरात तो खांदा व ती बाजू अवघडते. दोन काठ्यांनी चाल समतोल राहते आणि उतरणीवर दोन्ही गुडघ्यांना सारखा आधार मिळतो. जिथे एक हात सतत मोकळा लागतो, म्हणजे दाट कारवीतून वाट काढताना, लहान मुलाचा हात धरताना किंवा एका बाजूला रेलिंग असताना, तिथे एक काठी वापरावी आणि दुसरी सॅकला लावावी. गिरनारच्या पायथ्याशी यात्रेकरू बांबूची एकच काठी भाड्याने घेतात. पायऱ्यांच्या त्या वाटेवर तीही मोठी सोबत करते. फक्त दर काही वेळाने हात बदलत राहा.

विकत घेताना

बाजारात काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढे किमतीचे पोल मिळतात. पैसे कशासाठी मोजतो आहोत हे कळलं तर निवड सोपी जाते.

नळी: बहुतेक पोल ॲल्युमिनियमचे किंवा कार्बन फायबरचे असतात. कार्बन हलका असतो, पण त्याला बाजूने मार बसून चरा पडला तर पुढे तो अचानक तुटू शकतो. ॲल्युमिनियम थोडं जड, पण ताण आला की आधी वाकतं, आणि थोडासा बाक सरळ करून घरी परतता येतं. सह्याद्रीत काठीचं टोक दगडांच्या फटींत वारंवार अडकतं, म्हणून पहिली जोडी ॲल्युमिनियमची घ्यावी असं मी सांगेन. ७०७५ हा मिश्रधातू मजबूत समजला जातो. माहितीपत्रकात तो आकडा दिसतो का पाहा. एका पोलचं वजन साधारण २०० ते ३०० ग्रॅम असतं.

लॉक: पोलचा जीव इथे असतो. पिळून घट्ट करायचं लॉक आत असतं. चिखल किंवा ओल आत गेली की ते सरकतं, आणि किती घट्ट झालंय हे बाहेरून दिसत नाही. माझ्या पहिल्या जोडीतला एक पोल असाच भर उतारावर, ऐन भार टाकला तेव्हा आत गेला. कातळावर हात सोलला, त्याहून जास्त काही झालं नाही, पण तेव्हापासून मी बाहेरून खटका दाबून बसवायचं लॉक वापरतो. ते लागलं की नाही हे डोळ्यांना दिसतं, ओल्या हातांनीही चालवता येतं आणि सैल झालं तर त्याचा स्क्रू आवळता येतो. दुकानातच पोल पूर्ण उघडा, लॉक लावा आणि वरून दोन्ही हातांनी जोर देऊन बघा. जरासाही सरकला तर दुसरा मागा.

घड्या: तीन भागांचा सरकता पोल सर्वांत सोयीचा. मिटल्यावर तो साधारण ६० ते ७० सेंटीमीटरचा होतो आणि सॅकच्या बाजूला नीट बसतो. तंबूच्या काठीसारखे दुमडणारे पोल आणखी लहान होतात, पण त्यांतल्या काहींची लांबी कमीजास्त करता येत नाही. चढउतारांच्या गडवाटांवर ते अडचणीचं ठरतं.

मूठ: कॉर्कची मूठ घाम शोषते आणि हळूहळू तळव्याचा आकार घेते. फोमची मूठ मऊ आणि हलकी, पण पावसात पाणी धरून ठेवते. रबराची मूठ थंडीत बरी, आपल्या घामट हवेत हाताला फोड आणू शकते. मुठीखाली नळीवर वीतभर फोम चढवलेला असेल तर तो पोल जरूर निवडा. गावाकडच्या माणसाची काठी खांद्याएवढी उंच असते आणि वाट बदलेल तसा त्याचा हात काठीवर वर-खाली सरकतो. मुठीखालचा फोम तीच सोय देतो. आडव्या वाटेवर डोंगराकडची काठी खालून धरायची, लॉक उघडत बसायचं नाही.

टोक: टंगस्टन कार्बाइडचं टोक सहज झिजत नाही आणि मातीत, मुरमात, खडबडीत दगडावर चांगलं रुततं. त्यावर बसणारी रबरी टोपी सोबत आलीच पाहिजे, तिचं काम पुढे सांगतो. टोकाच्या वर असलेली चकती, जिला बास्केट म्हणतात, काठी चिखलात खोल जाऊ देत नाही. आपल्याकडे लहान बास्केट पुरते. हिमालयात बर्फाचा ट्रेक असेल तर रुंद बास्केट लावावी.

काही पोलांमध्ये धक्का शोषणारी स्प्रिंग असते. मनगट दुखणाऱ्यांना ती बरी वाटते, इतरांनी त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज नाही.

लांबी ठरवताना

पायात ट्रेकचे बूट घालून सपाट जागी उभे राहा, दंड अंगाला टेकवा आणि काठीचं टोक पावलाशेजारी ठेवा. कोपर काटकोनात वाकलं की लांबी बरोबर. हिशेबच हवा असेल तर सेंटीमीटरमधल्या उंचीला ०.६८ ने गुणा. १५० सेंटीमीटर उंचीला साधारण १००, १६० ला ११०, १७० ला ११५ आणि १८० ला १२० ते १२५ सेंटीमीटर येते.

ही सपाटीची लांबी झाली. लांब, सलग चढणीवर ती ५ ते १० सेंटीमीटर कमी करावी, नाहीतर खांदे सतत उचललेले राहतात आणि मान भरून येते. लांब उतरणीवर तेवढीच वाढवावी, नाहीतर काठी टेकवण्यासाठी कमरेत वाकावं लागतं आणि तोंडावर जाण्याची भीती वाढते. दर दहा पावलांनी चढउतार बदलत असेल तर लॉकशी खेळत बसू नका, सपाटीची लांबी ठेवून हात वर-खाली सरकवा. नळीवर कमाल लांबीची खूण असते. तिच्यापुढे पोल ओढू नका, कारण आत उरलेली नळी अपुरी पडते आणि तिथूनच पोल वाकतो.

हातात धरताना

पट्टा हा पोलचा सर्वांत दुर्लक्षित भाग. बहुतेक जण वरून हात घालून तो मनगटात अडकवतात. हात पट्ट्याच्या खालून वर घाला आणि मग पट्ट्यासकट मूठ धरा. पट्टा तळवा आणि मूठ यांच्यामध्ये आला पाहिजे. असं केलं की भार मनगटावरून पट्ट्यावर जातो आणि बोटं सैल ठेवता येतात. मूठ आवळून धरली तर दोन तासांत हात भरून येतात.

सपाटीवर उजव्या पायासोबत डावी काठी आणि डाव्या पायासोबत उजवी. काठी नसताना हात जसे झुलतात तसेच झुलू द्या. विचार करून जमवायला गेलात तर गोंधळ होईल. सुरुवातीला काठ्या मागे फरफटत चालायला लागा, काही पावलांत ताल आपोआप बसतो.

चढताना टोक पावलाच्या बरोबरीने किंवा जरा मागे टेकवा आणि मागे रेटा. काठी पुढे दूर रोवून तिच्या आधाराने स्वतःला ओढून घ्यायला गेलात तर खांदे दुखतील. उंच पायरी आली तर दोन्ही काठ्या एकदम टेकवून चढा.

उतरताना मामांचं वाक्य: आधी काठी, मग पाय. दोन्ही काठ्या पावलाच्या थोड्या पुढे, खालच्या पायरीवर टेकवा, त्या घट्ट रोवल्या आहेत याची हाताला खात्री पटू द्या, मग भार टाकत पाय उतरवा. गुडघे किंचित वाकलेले, अंग किंचित पुढे. घाबरून मागे रेललात तर बुटाचा तळ नीट टेकत नाही आणि पाय आधी निसटतो. उंच उडी मारून काठ्यांवर आदळू नका. मोठ्या दगडावरून उतरताना तळवा मुठीच्या माथ्यावर ठेवला तर जास्त भार पेलता येतो.

घसाऱ्याचा उतार शिकायला कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग उत्तम. पावसाळा सरला की तिथल्या उतारांवर सुटा मुरूम साचतो. अशा जागी छोटी पावलं टाका, वाट सरळ खाली न घेता जराशी तिरकी घ्या आणि एक काठी रोवल्याशिवाय दुसरी उचलू नका. पडण्याची शक्यता असेल तिथे पट्ट्यातून हात काढा. पट्टा अडकलेल्या हातावर माणूस पडला तर अंगठा काठीत मुरगळतो आणि त्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध तुटू शकतो.

पावसाळ्यात

आपल्याकडे बहुतेक लोक पोल विकत घेतात ते पावसाळ्याच्या तोंडावर, आणि त्याच दिवसांत पोलवर सर्वांत कमी विसंबायला हवं. मऊ मातीत, चिखलात, गवताळ उतारावर टोक छान रुततं. शेवाळलेल्या काळ्या कातळावर मात्र धातूचं टोक काचेवरून सरकावं तसं सरकतं. असा कातळ आला की त्यातली भेग, खळगा किंवा दगडामधली माती शोधून टोक तिथे टेकवा. ते मिळत नसेल तर काठीवर भार न टाकता पायाच्या तळव्यावर, सावकाश चाला. भेगेत टोक घातलं तर पुढचं पाऊल टाकण्यापूर्वी ते सरळ वर काढा. टोक अडकलेलं असताना पुढे गेलात की काठी वाकते किंवा तुटते.

ओढा ओलांडताना काठी फार कामाची. आधी तिने खोली आणि तळ चाचपा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. पोलच्या पट्ट्यांतून हातही काढा. तोंड प्रवाहाकडे करून जरा तिरके सरका आणि एका वेळी एकच टेका हलवा, पाय किंवा काठी. पाणी गढूळ, वेगाचं आणि गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका, मग हातात कितीही काठ्या असोत. सह्याद्रीतले ओढे पाऊस थांबल्यावर लवकर ओसरतात. थांबणं किंवा मागे फिरणं हाच तिथला योग्य निर्णय.

वळवाच्या दिवसांत विजा सुरू झाल्या तर उघड्या धारेवरून लगेच खाली उतरा आणि धातूच्या काठ्या अंगापासून दूर ठेवा.

काठी कधी सोडायची

जिथे हाताने काही धरायचं आहे, तिथे हातात काठी नको. हा नियम अपवादाशिवाय पाळा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, रतनगडाच्या शिड्या, हरिहरच्या खोबण्यांच्या उभ्या पायऱ्या, राजगडाच्या चोरदरवाजाखालचा टप्पा, खांडसहून भीमाशंकरला जाणारा शिडीघाट, या सगळ्या ठिकाणी पोल मिटून सॅकला बांधा. मनगटात लटकवलेला पोल पायात अडकतो किंवा मागच्या माणसाच्या डोळ्याशी येतो. दोन मिनिटं वाचवण्यासाठी तो लटकवून शिडी चढणारे लोक दर रविवारी दिसतात, आणि पाहताना पोटात गोळा येतो.

खांडसहूनच निघणारा गणेशघाट मात्र काठ्यांसाठी चांगला. राजगडाची पाली दरवाजाची वाटही तशीच. म्हणून निघण्यापूर्वी वाटेची माहिती घ्या, काठी कुठे लागेल आणि कुठे बांधावी लागेल हे मनात ठरवून ठेवा. दृष्टिभय असलेल्या अरुंद आडव्या वाटेवर दरीकडच्या काठीवर कधीही भार टाकू नका. तिथली माती ढासळते. डोंगराकडे राहा, दरीकडचा पोल नुसता उचलून धरा किंवा बांधून टाका.

कातळटप्प्यापाशी पोहोचून घाईघाईने पोल मिटण्यापेक्षा त्याआधीच्या ऐसपैस जागी थांबा. सॅकला लावताना टोकं खाली, त्यांवर रबरी टोपी आणि वरचा पट्टा घट्ट. एसटीत आणि लोकलमध्येही टोपी हवीच. विमानप्रवासात पोल चेक-इन सामानात टाका.

गटात चालताना पुढच्या माणसापासून दोन काठ्यांचं अंतर ठेवा. कुणाला काही दाखवायचं असेल तर काठी उचलून दाखवू नका, हाताने दाखवा.

गडाचं आणि रानाचं भान

धातूचं टोक दगडावर चरे पाडतं. राजगड, रायगड, लोहगड, साल्हेर हे गड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, पण चरे न पाडण्यासाठी कुठला दर्जा लागत नाही. बांधीव पायऱ्या, लेणी, मंदिराचं आवार, टाक्यांचे काठ, अशा ठिकाणी रबरी टोपी घाला किंवा काठी उचलून चाला. कोरड्या कातळावर आणि डांबरी रस्त्यावरही रबर चांगलं धरतं आणि टोकाचा खणखणाट थांबतो. सड्यांवर, मग तो कासचा असो की कोकणातला जांभ्याचा, मातीचा थर अगदी पातळ असतो आणि फुलांचा सगळा संसार त्यावर उभा असतो. तिथे काठी मळलेल्या वाटेबाहेर टेकवू नये.

काठी विसरली म्हणून कारवी तोडून घेण्याची सवय अनेकांना आहे. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. फुलण्याआधी तोडलेलं झुडूप बी न टाकताच जातं. त्यापेक्षा पायथ्याच्या गावात बांबूची काठी मागा आणि चार पैसे द्या.

घरी आल्यावर

पोलचे सगळे भाग सुटे करा, फडक्याने पुसा आणि रात्रभर तसेच वाळू द्या. ओला पोल मिटून ठेवला तर आत गंज आणि पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि पुढच्या वेळी नळ्या हलत नाहीत. आतल्या भागात तेल किंवा ग्रीस घालू नका, लॉक घसरेल. खटक्याचा स्क्रू सैल वाटला तर थोडा आवळा, आणि तेवढ्यासाठी एक छोटा स्क्रूड्रायव्हर सॅकमध्ये असू द्या. टोक झिजून गुळगुळीत झालं की नवीन बसवा. समुद्रकाठचा किल्ला केला असेल तर गोड्या पाण्याने धुऊन मग वाळवा.

सवय कुठे करावी

नवे पोल घेऊन थेट मोठ्या ट्रेकला जाऊ नका. पुण्यात पर्वती किंवा वेताळ टेकडी, मुंबईत राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची वाट, नाशिकला पांडवलेणी, जवळ जे असेल तिथे दोन-तीन सकाळी जा. चढताना लांबी कमी करा, उतरताना वाढवा, पट्ट्यात हात घालणं आणि काढणं, पोल मिटून सॅकला लावणं हे सगळं न बघता जमेपर्यंत करा. यांतल्या काही ठिकाणी पायऱ्या आणि लेणी आहेत, तिथे रबरी टोपी घालूनच.

आणि अधूनमधून काठीशिवायही चाला. गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वैद्यकीय आयोगानेही हा इशारा दिला आहे, की सतत काठ्या वापरल्या तर शरीराची स्वतःची तोल सांभाळण्याची शक्ती मंदावते. ओझं कमी असेल, वाट सोपी असेल तेव्हा पोल सॅकला राहू द्या आणि पायांना दगड ओळखू द्या. मांड्यांचे व्यायाम चालू ठेवा, कारण कातळटप्प्यावर काठी बांधल्यानंतर पेलायचं ते त्याच पायांनी.

त्या दिवशी खिरेश्वरला पोहोचल्यावर मी काठी परत केली. मामांनी ती घेतली आणि खांद्यावर आडवी टाकून गावाकडे निघाले. सपाट वाटेवर त्यांना ती टेकवायची गरज नव्हती.